शनीच्या घरचे पाहुणे

मार्गशीर्ष महिना सरत आला की नांदेड जिल्ह्यातील माळेगावकडे जाणाऱ्या वाटा माणसांनी आणि जनावरांनी फुलून जातात. खंडोबाची ती मोठी यात्रा. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर अशा चहूकडच्या मुलखांतून लोक तेथे लोटतात. घोडे, उंट, गाढवे आणि बैल यांचा बाजार भरतो. भंडारा उधळला जातो, धुळीचे लोट उठतात आणि नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे केवळ एक अफाट, गोंधळलेली गर्दी उभी राहते.

परंतु त्याच गर्दीत एखादा वृद्ध शेतकरी घटकाभर उभा राहिला, तर त्याला निराळेच दृश्य दिसते. गडद तांबड्या रंगाचा बैल समोरून गेला की तो म्हणतो, "हा लाल कंधारी." काळ्या-पांढऱ्या अंगाचा दुसरा गेला की म्हणतो, "हा देवणी." एकाच वाटेने, एकाच चालीने येणारी दहा-पाच माणसे पाहून ती एका गावची असावीत, हे तो ओळखतो. नवख्याला जेथे गर्दी दिसते, तेथे जाणत्याला कुटुंबे दिसतात. दोघांचे डोळे सारखेच. फरक असतो तो पाहण्याच्या सवयीचा.

आकाशातही अशीच एक यात्रा भरलेली आहे. ती माळेगावच्या यात्रेहून फार जुनी आहे आणि तिच्यातील कुटुंबे ओळखण्यास माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. ती यात्रा आहे शनी ग्रहाभोवती फिरणाऱ्या लहान लहान चंद्रांची.

शनीचे नाव उच्चारताच आपल्याकडे पुष्कळांच्या मनात भीती उभी राहते. घरात काही अडचण आली, की कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, "साडेसाती लागली असेल." पण या शब्दामागचे गणित पाहिले, तर भीतीऐवजी कुतूहल वाटू लागते. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किलोमीटर अंतरावर आहे. एवढ्या दूर असल्यामुळे त्याची चाल मंद आहे. सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी त्याला शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, असे नाव दिले. बारा राशी ओलांडण्यास एवढी वर्षे लागतात, तेव्हा एका राशीला सुमारे अडीच वर्षे लागणार आणि तीन राशींना साडेसात. साडेसातीचा आकडा निघाला तो येथून. ज्यांनी तो प्रथम मोजला, ते आकाशाला भिणारे लोक नव्हते. रात्रीमागून रात्र अंगणात उभे राहून त्या पिवळसर ठिपक्याची वाट टिपणारे, धीराचे निरीक्षक होते.

नुसत्या डोळ्यांना शनी हा एक शांत, न लुकलुकणारा ठिपका दिसतो. इ. स. १६१० मध्ये गॅलिलिओने आपली लहानशी दुर्बीण त्याच्याकडे वळवली, तेव्हा ग्रहाच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे काहीतरी चिकटलेले त्याला आढळले. त्याचा उलगडा त्याला झाला नाही. १६५५ मध्ये ख्रिस्तीआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन शोधला आणि १६५९ मध्ये, ते कान नसून ग्रहाभोवतीचे सपाट कडे आहे, असे जगाला सांगितले.

त्यानंतर १६७१ मध्ये पॅरिस येथील वेधशाळेत झां दोमिनिक कासिनी याला शनीचा दुसरा चंद्र सापडला. त्याचे नाव इयापेटस. या चंद्राने कासिनीला मोठ्या कोड्यात टाकले. शनीच्या पश्चिमेस असताना तो स्पष्ट दिसे. पण फिरत फिरत पूर्वेस गेला की नाहीसा होई! पुन्हा पश्चिमेस आला की पुन्हा दिसे. कासिनीने तर्क केला, की या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असावी आणि शनीकडे तो नेहमी आपले एकच तोंड ठेवीत असावा. पुढे अधिक चांगल्या दुर्बिणीतून पूर्वेकडील अंधुक इयापेटसही त्याला दिसला आणि तर्क खरा ठरला. मात्र एकाच चंद्राची एक बाजू बर्फासारखी पांढरी आणि दुसरी कोळशासारखी काळी का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते उत्तर मिळण्यास तीनशेहून अधिक वर्षे लागणार होती आणि ते एका अगदी अनोळखी पाहुण्याकडून येणार होते.

तो पाहुणा सापडला छायाचित्रणामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्योतिर्विदांनी दुर्बिणीला काचेच्या छायापट्टिका जोडण्यास प्रारंभ केला. माणसाचा डोळा एका क्षणी जेवढा प्रकाश येईल तेवढाच पाहतो. पण छायापट्टिका तासन्‌तास प्रकाश साठवीत राहते. त्यामुळे डोळ्यांना कधीच न दिसणारे अंधुक तारे तिच्यावर उमटतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, आरेकिपा येथे, अमेरिकेच्या हार्वर्ड वेधशाळेचे एक केंद्र होते. तेथे १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात शनीच्या आसपासच्या आकाशाची छायाचित्रे घेण्यात आली. पुढल्या वर्षी विल्यम पिकरिंग यांनी त्या पट्टिका एकमेकींशी ताडून पाहिल्या. हजारो तारे जागच्या जागी होते. परंतु एक अतिशय फिका ठिपका पट्टिकेगणिक जागा बदलत होता आणि शनीबरोबर सरकत होता. तो शनीचा नवा चंद्र होता. त्याचे नाव फीबी ठेवण्यात आले. छायाचित्रावरून सापडलेला जगातील हा पहिला चंद्र होय.

त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. ज्या वर्षांत पेरूतील पट्टिकांची चर्चा पाश्चात्त्य देशांत चालू होती, त्याच वर्षांत या संस्थानातही छायापट्टिकांचे एक मोठे काम उभे राहत होते. नवाब जफर जंग या आकाशप्रेमी सरदाराने इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणवली आणि १९०१ मध्ये हैदराबादेजवळ वेधशाळेचा पाया घातला. १९०८ मध्ये संस्थानाने ती वेधशाळा आपल्याकडे घेतली. निजामिया वेधशाळा या नावाने ती प्रसिद्ध झाली. सगळ्या आकाशाचे छायाचित्र घेऊन ताऱ्यांची यादी करावी, असा संकल्प त्या वेळी जगातील अनेक वेधशाळांनी मिळून केला होता आणि प्रत्येकीने आकाशाचा एकेक पट्टा वाटून घेतला होता. शेतकऱ्यांनी इर्जिक घालून एकमेकांची शेते मिळून नांगरावीत, तसाच हा प्रकार. दक्षिण आकाशातील एक पट्टा निजामिया वेधशाळेच्या वाट्यास आला. पुढे उत्तरेकडील आणखी एक पट्टाही तिने स्वीकारला. अनेक वर्षे खपून तेथील निरीक्षकांनी सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या. लातूर आणि नांदेडच्या शिवारांवर जे आकाश पसरते, त्यातील लक्षावधी तारे त्या काचांवर उमटले. आकाशात नवे काही हलले, हे कळण्यासाठी आधी न हलणारे सारे नीट नोंदवलेले असावे लागते. अशा यादीचे महत्त्व यातच आहे.

फीबीची अधिक छायाचित्रे मिळाली, तसतसे तिचे विलक्षण वर्तन ध्यानात येऊ लागले. टायटन शनीपासून सुमारे १२ लाख किलोमीटरांवर आहे आणि सोळा दिवसांत एक फेरी करतो. फीबी मात्र सुमारे १ कोटी २९ लाख किलोमीटरांवर होती आणि तिला एका फेरीस सुमारे दीड वर्ष लागत होते. तिची वाट वर्तुळाकार नव्हती. थोडी लांबट होती. शनीच्या विषुववृत्ताच्या पातळीतही ती नव्हती. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की ती उलट्या दिशेने फिरत होती!

पूर्वी खळ्यावर मळणी चाले, तेव्हा मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत. सगळे बैल एकाच दिशेने, एकाच पातळीवर, आपापल्या वर्तुळात चालत. अशा वेळी दूर खळ्याच्या काठावरून एखादे जनावर एकटेच उलटे फिरताना दिसले, तर पाहणारा काय म्हणेल? "हे आपल्या पातीतले नव्हे. हे कोठून तरी बाहेरून आले आहे." ज्योतिर्विदांनीही फीबीविषयी हेच अनुमान काढले.

या अनुमानामागे भक्कम कारण आहे. शनी घडत असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची एक प्रचंड तबकडी फिरत होती. टायटनसारखे मोठे चंद्र त्या तबकडीतूनच जन्मले. म्हणून ते ग्रहाच्या जवळ, ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत, जवळजवळ वर्तुळाकार वाटेने आणि ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेने फिरतात. त्यांना नियमित उपग्रह म्हणतात. ते शनीच्या घरी जन्मलेली मुले होत. परंतु जे चंद्र फार दूर, तिरप्या आणि लांबट वाटांनी आणि पुष्कळदा उलटे फिरतात, ते त्या तबकडीत जन्मलेले असू शकत नाहीत. त्यांना अनियमित उपग्रह म्हणतात. ते सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरणारे लहान गोळे होते आणि शनीने आपल्या आकर्षणाने त्यांना धरून ठेवले. ते शनीच्या घरचे पाहुणे होत.

पाहुणा घरी येणे सोपे. पण तो कायमचा राहणे सोपे नसते. एखादा गोळा ग्रहाकडे खेचला जातो, तेव्हा जवळ येता येता त्याचा वेग वाढतो. टेकडीवरून घरंगळणारा दगड ओढ्यात उतरून त्याच वेगाने पलीकडच्या चढावर जावा, तसा तो गोळा ग्रहाला वळसा घालून पुन्हा दूर निघून जातो. त्याला थांबवायचे, तर त्याचा काही वेग कमी झाला पाहिजे. ग्रह नवे असताना त्यांच्याभोवती वायूचे दाट आवरण होते, त्यात घुसून काही गोळे मंदावले असतील. काही वेळा दोन गोळे जोडीने आले असतील आणि एकाचा वेग दुसऱ्याने नेला असेल. किंवा मोठे ग्रह आपापल्या जागा बदलत असतानाच्या गडबडीत काही गोळे अडकले असतील. यांपैकी कोणत्या रीतीने किती पाहुणे आले, याविषयी शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. एवढे मात्र सर्वांना मान्य आहे, की ही घटना ग्रहमालेच्या बालपणीची, काही अब्ज वर्षांपूर्वीची आहे.

गुरू ग्रहाच्या घरीही असे पाहुणे आढळले. १९०४ च्या अखेरीस चार्ल्स पेराइन यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत हिमालिया हा चंद्र शोधला आणि पुढे एकामागून एक अनेक सापडले. हिमालियाच्या वाटेशी मिळत्याजुळत्या वाटांनी आणखी काही चंद्र फिरतात, तर अनान्के, कार्मे आणि पासिफाए यांच्याभोवती उलट फिरणाऱ्या चंद्रांचे आणखी तीन गट जमतात, असे दिसून आले.

शनीकडे मात्र एक संपूर्ण शतक फीबी एकटीच होती. १९९९ मध्ये तिच्या शोधाला शंभर वर्षे झाली, तेव्हाही शनीचा दुसरा अनियमित उपग्रह कोणाला ठाऊक नव्हता. पुढच्याच वर्षी हे चित्र पालटले. २००० मध्ये ब्रेट ग्लॅडमन, जे. जे. कॅव्हेलार्स आणि त्यांचे सहकारी यांनी नव्या, अतिशय संवेदनशील यंत्रांनी शनीचा परिसर धुंडाळला आणि एकदम बारा नवे अनियमित चंद्र शोधून काढले. त्यांच्या वाटा कागदावर मांडताच माळेगावच्या त्या वृद्ध शेतकऱ्याला दिसावे, तसे दृश्य त्यांना दिसले. ते बारा चंद्र कसेही विखुरलेले नव्हते. त्यांचे गट होते.

चार चंद्रांच्या वाटा जवळजवळ सारख्याच तिरप्या होत्या. त्यांचा कल सुमारे पंचेचाळीस ते पन्नास अंशांचा होता. दुसऱ्या तीन चंद्रांच्या वाटांचा कल पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास होता. उरलेले पाच फीबीप्रमाणे उलटे फिरत होते. या गटांना नावे देण्याची वेळ आली, तेव्हा शास्त्रज्ञांनी एक सुंदर विचार केला. तोवर शनीच्या चंद्रांना बहुधा ग्रीक पुराणांतील नावे देत असत. पण आकाश काही एकट्या ग्रीकांचे नव्हे! म्हणून पहिल्या गटाला उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या कथांतील नावे देण्यात आली : किव्हिउक, इजिराक, पालिआक आणि सिआर्नाक. दुसऱ्या गटाला प्राचीन गॉल लोकांच्या दैवतांची नावे मिळाली : अल्बिओरिक्स, एरियापस आणि टार्वोस. उलट्या फिरणाऱ्या चंद्रांना उत्तर युरोपातील नॉर्स कथांमधील राक्षसांची नावे दिली गेली. त्यांत यमिर आणि थ्रिमर हे प्रसिद्ध आहेत. तेव्हापासून हे गट इन्युइट, गॅलिक आणि नॉर्स म्हणून ओळखले जातात.

असे गट का पडले असावेत? कुंभाराच्या अंगणात एखादा मोठा रांजण फुटला, तर त्याच्या खापऱ्या चार दिशांना पसरतात. परंतु त्यांची जाडी, रंग आणि भाजणी पाहून त्या एकाच रांजणाच्या आहेत, हे कोणीही सांगू शकेल. शनीने धरलेले मूळ पाहुणे थोडेच असावेत. कोट्यवधी वर्षांच्या भ्रमंतीत ते एकमेकांवर किंवा इतर गोळ्यांवर आदळले आणि त्यांचे तुकडे झाले. हे तुकडे मूळ गोळ्याच्या वाटेच्या आसपासच फिरत राहिले. म्हणून आज जे चंद्र सारख्या वाटेने जातात, ते बहुधा एकाच गोळ्याचे वंशज होत. रंगाचीही साक्ष मिळते. गॅलिक गटातील चंद्रांवरून येणारा प्रकाश तपासला, तेव्हा त्यांच्यावर सारखीच फिकट तांबूस छटा आढळली. लाल कंधारी बैल रंगावरून ओळखावा, तसेच हे झाले. नॉर्स गट मात्र फार मोठा आणि संमिश्र आहे. ते एक कुटुंब नसून अनेक कुटुंबांचा मेळा असावा, असे मानतात.

गटांविषयीचे हे ज्ञान वाढत असतानाच फीबीला जवळून पाहण्याची संधी चालून आली. १९९७ मध्ये निघालेले एक अंतराळयान सात वर्षांचा प्रवास करून शनीकडे पोहोचत होते. इयापेटसच्या कोड्याने ज्याला छळले, त्या कासिनीचेच नाव या यानाला दिले होते. ११ जून २००४ रोजी ते फीबीपासून दोन हजार किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावरून गेले. छायाचित्रांत सुमारे २१३ किलोमीटर व्यासाचा, खाचखळग्यांनी भरलेला, कोळशासारखा काळपट गोळा दिसला. त्या काळ्या थराखाली पाण्याचा आणि कार्बन डायऑक्साइडचा बर्फ होता. अशी घडण सूर्यापासून फार दूर जन्मलेल्या गोळ्यांची असते. फीबी खरोखरच परमुलखातून आलेली पाहुणी होती, या अनुमानास त्यामुळे बळकटी आली.

आणि मग इयापेटसचे कोडे सुटले. २००९ मध्ये अवकाशातील स्पिट्झर दुर्बिणीने उष्णतेच्या किरणांच्या साहाय्याने शनीचे एक नवे, अवाढव्य कडे शोधले. ते इतके विरळ आहे, की साध्या प्रकाशात दिसत नाही आणि ते फीबीच्या वाटेलगत पसरलेले आहे. लहानमोठे दगड फीबीवर आदळतात, तिच्यावरची काळी धूळ उडते आणि त्या धुळीचे हे कडे बनते. ही धूळ हळूहळू शनीच्या दिशेने आत सरकते. फीबी उलटी फिरते, म्हणून धूळही उलटी फिरते. आणि वाटेत तिला सुलट फिरणारा इयापेटस आडवा येतो. पावसात वेगाने धावणाऱ्या मोटारीची पुढची काच जशी अधिक भिजते, तशी इयापेटसची पुढची बाजू त्या काळ्या धुळीने माखत राहिली. काळा रंग ऊन अधिक शोषतो. म्हणून तेथील बर्फाची अधिक वाफ झाली आणि ती मागच्या थंड बाजूवर पुन्हा गोठली. काळी बाजू अधिक काळी होत गेली आणि पांढरी अधिक पांढरी. १६७१ मध्ये पडलेल्या प्रश्नाचे उत्तर असे सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी, उलट्या फिरणाऱ्या एका पाहुणीने दिले.

त्यानंतर पाहुण्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०१९ मध्ये वीस नवे चंद्र जाहीर झाले आणि २०२३ मध्ये आणखी साठाहून अधिक. मार्च २०२५ मध्ये तर एडवर्ड अ‍ॅश्टन, ब्रेट ग्लॅडमन आणि त्यांचे सहकारी यांनी शोधलेले १२८ चंद्र एकदम मान्य झाले आणि शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ वर पोहोचली. त्यांतील सुमारे अडीचशे अनियमित आहेत. यांपैकी बहुतेक चंद्र अवघ्या काही किलोमीटर व्यासाचे आहेत. लातूरहून औसा जेवढे दूर, तेवढीसुद्धा त्यांची लांबी नाही!

शंभराहून अधिक कोटी किलोमीटरांवरील एवढासा दगड दिसतो तरी कसा? हवाई बेटावरील उंच पर्वतावरच्या दुर्बिणीने या शास्त्रज्ञांनी आकाशाच्या एकाच भागाची तासन्‌तास एकामागून एक छायाचित्रे घेतली. एका छायाचित्रात चंद्र दिसणे अशक्यच होते. मग त्यांनी प्रत्येक छायाचित्र शनीच्या चालीइतके थोडे थोडे सरकवले आणि सर्व एकमेकांवर ठेवले. उडणाऱ्या पक्ष्यावर नजर खिळवली, की पक्षी स्पष्ट दिसतो आणि मागची झाडे पुसट होतात. तसेच येथे घडले. तारे रेघांसारखे लांबले. पण शनीबरोबर चालणारे चंद्र एकाच जागी साठत जाऊन ठिपक्यासारखे उमटले. मात्र एकदा ठिपका दिसला म्हणून तो चंद्र ठरत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे त्याचा माग काढून त्याची वाट निश्चित करावी लागते. पिकरिंग यांनी काचेच्या पट्टिका ताडून पाहिल्या त्याच रीतीचे हे नवे रूप होय. फक्त काचेची जागा संगणकाने घेतली आहे.

इतक्या लहान दगडांची मोजदाद कशासाठी करावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मोठे ग्रह आपले बालपण विसरले आहेत. त्यांच्या पोटात आरंभीचे सारे द्रव्य वितळून, मिसळून गेले आहे. हे लहान दगड मात्र फारसे बदललेले नाहीत. ग्रहमाला कशी घडली, कोण कोठून आले, कोण कोणावर आदळले, याच्या खुणा त्यांनी जपल्या आहेत. नव्याने सापडलेल्या चंद्रांपैकी मुंडिलफारी या चंद्राच्या वाटेजवळचे चंद्र पाहून शास्त्रज्ञांना वाटते, की तेथे गेल्या दहा कोटी वर्षांच्या आत एखादी टक्कर झाली असावी. आकाशाच्या मानाने ही तर कालपरवाची गोष्ट. शनीचे अंगण अजून शांत झालेले नाही, असाच याचा अर्थ.

दसऱ्यानंतर पावसाळी ढग ओसरले, की लातूर-नांदेडकडचे आकाश स्वच्छ होते. अशा एखाद्या रात्री, ज्वारीच्या शिवारावर शनी उगवलेला असेल, तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात उभे राहून त्याच्याकडे पाहावे. तो लहानसा, स्थिर, पिवळसर ठिपका दिसेल. त्याच्याभोवतीचे शेकडो चंद्र डोळ्यांना दिसणार नाहीत. तरीही ते तेथे आहेत : काही सुलट, काही उलट, काहींची फेरी दीड वर्षाची, काहींची चार वर्षांची, आणि प्रत्येक जण आपल्या कुटुंबाच्या वाटेने चाललेला. ज्याच्या नावाने घरोघरी माणसे दचकतात, त्या ग्रहापाशी भिण्याजोगे काही नाही; शिकण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. शेजारी कोणी साडेसातीची गोष्ट काढलीच, तर त्याला एवढेच सांगावे : "शनी आपल्या मागे लागत नाही. माणसेच चारशे वर्षे दुर्बिणी घेऊन त्याच्या मागे लागली आहेत. आणि त्याचे घर अजून पुरते पाहून झालेले नाही."

शब्दार्थ

इर्जिक – शेतीच्या कामासाठी गावकऱ्यांनी एकमेकांना केलेली सामुदायिक मदत
तिवडा – मळणीच्या वेळी खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब
पात – मळणीसाठी एकत्र जुंपलेल्या बैलांची रांग
वेधशाळा – ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करण्याचे स्थान
कल – तिरपेपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) शनीला शनैश्चर हे नाव का मिळाले?
(आ) छायाचित्रावरून सापडलेला पहिला चंद्र कोणता?
(इ) निजामिया वेधशाळेने कोणते काम स्वीकारले होते?

२. कारणे द्या :
(अ) फीबी शनीच्या घरी जन्मलेली नाही, असे शास्त्रज्ञांना वाटले.
(आ) इयापेटसची एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी आहे.
(इ) शनीच्या अनियमित चंद्रांचे गट पडले आहेत.

३. नियमित आणि अनियमित उपग्रह यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.

४. या पाठात खळ्यावरील मळणी, फुटलेला रांजण आणि उडणारा पक्षी ही उदाहरणे कोणत्या गोष्टी समजावण्यासाठी आली आहेत, ते सांगा.

५. "नवख्याला जेथे गर्दी दिसते, तेथे जाणत्याला कुटुंबे दिसतात." हे वाक्य आपल्या परिसरातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.

६. शनी दिसत असेल तेव्हा जवळच्या ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा वहीत काढा. एक महिन्याने पुन्हा काढा. दोन्ही आकृत्यांत पडलेला फरक वर्गात सांगा.